लेक एरीवर वॉलआयसाठी डाउनरिगरचा रॉड: सेलमधले सॅमन रॉड घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की लेक एरीच्या काठी क्लीव्हलँडला येऊन दोन वर्षं झाली, वीस फुटी सेकंडहँड बोट घेतली, तिच्यावर दोन डाउनरिगर (केबलला जड बॉल लावून लाइन खोल नेणारं यंत्र; लाइन बॉलजवळच्या क्लिपमध्ये अडकवतात, मासा लागला की ती सुटायला हवी) आधीपासून बसवलेले आहेत आणि दुकानात सेलमध्ये साडेआठ फुटी मीडियम-हेवी, म्हणजे बऱ्यापैकी कडक रॉड दाखवले, ते वॉलआय (इथला गोड्या पाण्यातला मासा) धरायला घ्यावेत का. आणि शेवटी जाता जाता असंही लिहिलंय की मित्राच्या बोटीवर गेला होतात तेव्हा बॉल वर घेतल्यावर दोन-तीनदा मेलेला छोटा मासा निघाला, कधी लागला ते कुणाला कळलंच नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या शेवटच्या वाक्यातच आहे. ते रॉड घेऊ नका.

कारण सांगतो. दुकानात 'डाउनरिगर रॉड' म्हणून जे मिळतं ते बहुतेक सॅमनसाठी बनवलेलं असतं. 1966 साली मिशिगन राज्याने पॅसिफिकचा कोहो सॅमन लेक मिशिगनला मिळणाऱ्या नद्यांमध्ये सोडला, त्यानंतर इकडच्या लेक्सवर खोल पाण्यातलं ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढत मासे धरणं) खऱ्या अर्थाने वाढलं आणि डाउनरिगर घरोघरी पोचला. सॅमन दहा-पंधरा पाउंडाचा, स्पून (चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष) घेतला की धाडकन वळतो, क्लिपमधून लाइन स्वतःच ओढून काढतो. वॉलआय तसा नाही. दोन-तीन पाउंडाचा मासा मागून येतो, हळूच तोंडात घेतो आणि बोटीबरोबर पोहत राहतो. तोंडात गळ अडकलेला असूनसुद्धा क्लिप सुटत नाही, आणि पंधरा इंचाखालचा असेल तर त्याच्यात ती सोडवायची ताकदच नसते.

आता कडक रॉडने काय होतं ते बघा. एरी उथळ आहे, सरासरी खोली फक्त 62 फूट, त्यामुळे वारा आला की लाटा बुटक्या, उभ्या आणि लागोपाठ येतात. बोट हलते, रॉड कडक असला की तो प्रत्येक धक्का सरळ क्लिपला देतो, लाइन उगाच सुटते. दहा मिनिटांत तीनदा असं झालं की माणूस वैतागून क्लिप घट्ट करतो. क्लिप घट्ट झाली की वॉलआयला ती सुटत नाही, मासा तसाच फरफटत राहतो, पाणी तोंडातून आत जाऊन मरतो. ओहायोच्या हद्दीत पंधरा इंचाखालचा वॉलआय परत सोडावा लागतो, आणि परत सोडायचा मासा मेलेला असेल तर त्याचा काय उपयोग? मला याचं खरंच वाईट वाटतं. माझ्या पहिल्या दोन सीझनमध्ये असे मासे मी स्वतः काढलेत, पांढरे पडलेले, तोंड उघडं. म्हणून एवढं लांब लिहितोय.

तर रॉड मऊ घ्या. मीडियम-लाइट पॉवर, मॉडरेट किंवा स्लो अ‍ॅक्शन, म्हणजे फक्त टोक नाही तर निम्मा रॉड वाकला पाहिजे. रॉडवर लाइनचं रेटिंग छापलेलं असतं, 8 ते 17 किंवा 8 ते 20 पाउंड दिसलं तर हातात घेऊन बघा, 15 ते 30 दिसलं तर परत ठेवा. डाउनरिगरवर रॉड कायम वाकवून ठेवायचा असतो, लाइन क्लिपला लावली की रीलने ताण घेत जायचं, टोक पाण्याकडे कमानीसारखं झुकलं पाहिजे. मासा लागून क्लिप सुटली की ती कमान उलगडते आणि मधली ढिली लाइन स्वतःच वर ओढून घेते, तेवढ्यात तुम्ही होल्डरपर्यंत (बोटीवर रॉड खोचून ठेवायची नळी) पोचता. कडक रॉड असा वाकवता येत नाही, वाकवायला गेलात तर क्लिपच सुटते.

मटेरियल फायबरग्लास किंवा ग्लास-ग्राफाइट मिक्स. नुसत्या ग्राफाइटच्या मागे लागू नका. ग्राफाइटला जास्त पैसे मोजतो ते हाताला कळावं म्हणून, आणि इथे रॉड दिवसभर होल्डरमध्ये उभा असतो, हात कुठे असतो त्याच्यावर? शिवाय सात-आठ तास वाकलेला राहतो, होल्डरच्या कडेला आपटतो, बारीकसा टवका उडाला तरी पुढच्या माशाला तिथेच मोडतो. मी मालवणचा, आमच्याकडे गरवायला जायचो तेव्हा दोरी बोटावरून सोडलेली असायची, मासा टोचला की बोटाला कळायचं. इथे बोटाचं काम डोळ्यांनी करायचंय, त्यामुळे टोक दिसलं पाहिजे. पांढऱ्या किंवा पिवळ्या टोकाचा रॉड मिळाला तर उत्तम, नाहीतर वरच्या वीतभर भागाला पांढरा रंग लावा, संध्याकाळी फरक कळतो.

टोकात नेमकं काय बघायचं, तर स्पून नीट चालत असला की टोक एका लयीत थरथरतं. छोटा मासा लागला की ती थरथर थांबते किंवा जड होते, टोक इंचभर खाली जातं, मग दोनदा-तीनदा मान हलवल्यासारखं हलतं. बस, एवढंच. मऊ रॉडवर हे पंधरा फुटांवरून दिसतं, कडक रॉडवर हातात धरूनही दिसणार नाही. दिसलं की रॉड होल्डरमधून काढा, टोक पाण्याकडे नेत ढिली लाइन भराभर गुंडाळा आणि झटक्याने वर उचला, क्लिप सुटते.

आणि जोडी घ्या, दोन्ही रॉड अगदी सारखे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक जुना आणि एक नवीन असे दोन वेगळे रॉड असतील तर दोन्ही वेगळे हलतात, तुलना होत नाही. सारखे रॉड, सारखे रील, सारखी लाइन असली की डावा-उजवा वेगळा दिसला की समजायचं तिकडे काहीतरी आहे, मासा नाहीतर गवत.

लांबी तुमच्या बोटीला साडेसात ते आठ फूट पुरे. साडेआठ-नऊचे लोक वापरतात, पण वीस फुटी बोटीवर जाळीवाला आणि रॉडवाला एकमेकांच्या अंगावर येतात, छत असेल तर अजून त्रास. पुढे बाजूने डिप्सी डायव्हर (लाइन खाली आणि बाजूला नेणारी चकती) लावायला लागलात तर तिथे लांब आणि जाड रॉड लागतो, तो वेगळा घ्या, एकाच रॉडने दोन्ही कामं होत नाहीत. मुठीचा मागचा भाग तुमच्या होल्डरमध्ये बसतो का आणि पटकन निघतो का हे दुकानात जाताना होल्डरचं माप घेऊन जाऊन बघा. फोमची मूठ कॉर्कपेक्षा टिकते.

ब्रँड विचारलेत तर माझ्याकडे ओकुमाचे क्लासिक प्रो जीएलटी आणि शिमानोचे टॅलोरा दोन्ही झालेत, अग्ली स्टिकवरही बरेच दिवस काढलेत, सगळे चालतात. चांगला ग्लास रॉड शंभर डॉलरच्या आत मिळतो. पैसे वाचले ते लाइन काउंटर रीलमध्ये घाला, लाइन किती मागे सोडली हे आकड्यात कळलं नाही तर लागलेला मासा दुसऱ्यांदा लागत नाही. घरी एक करून बघा, रॉड आडवा धरून लाइन सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला अर्धा किलो साखरेची पिशवी लटकवा. वरचा तिसरा हिस्सा छान वाकला तर ठीक, नुसतं टोक हललं तर तो रॉड परत करा.

क्लिप हलक्या ताणाची घ्या आणि लाइन क्लिपमधल्या रबराच्या कडेला पकडवा, आत खोल नको. लाइन 12 ते 15 पाउंड मोनो (नायलॉनचा एकच सलग धागा), ब्रेड म्हणजे विणलेली लाइन क्लिपमध्ये घसरते. जुलैनंतर स्पायनी वॉटर फ्ली (पाण्यातले बारीक काटेरी जीव) येतात, लाइनवर ओल्या कापसासारखे गोळे होतात आणि टोकाच्या कडीत अडकतात, तेव्हा 20 पाउंडची मोनो बरी कारण जाड लाइनवर त्या कमी चिकटतात. त्यासाठीच रॉड घेताना टोकाची कडी मोठी बघा.

उन्हाळ्यात वेस्टर्न बेसिनमधले (एरीच्या पश्चिम भागातले) मोठे मासे पूर्वेला सरकतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये ओहायोतल्याच जिनीव्हा, अ‍ॅश्टाब्युला बाजूला या. तिथे सोनारवर थर्मोक्लाइनचा (वरचं गरम आणि खालचं थंड पाणी जिथे भेटतं त्या थराचा) धूसर पट्टा दिसतो, त्याच्या खाली ऑगस्टमध्ये ऑक्सिजन संपत आलेला असतो, म्हणून बॉल पट्ट्याच्या वर ठेवायचा. डाउनरिगरचा काउंटर 50 फूट दाखवत असेल तरी चालत्या बोटीत केबल मागे झुकते, बॉल त्यापेक्षा वरच असतो. पाणी स्वच्छ असतं, झेब्रा मसल (पाणी गाळणारे, बाहेरून आलेले शिंपले) आल्यापासून जास्तच, म्हणून स्पून बॉलच्या मागे निदान 50 फूट सोडा. वेग ताशी दोन मैलाच्या आसपास. आणि टोक हललेलं दिसो न दिसो, दर वीस मिनिटांनी एकदा लाइन सोडवून बघाच, मी अजूनही बघतो.

सेलमधले रॉड अजून घेतले नसतील तर या शनिवारी होल्डरचं माप आणि तुमच्या क्लिपचा फोटो टाका, दोन-तीन मॉडेल बघून सांगतो.