पाटल्या राहू द्या, आधी बाँड उघडा

सोलापुरात अक्कलकोट रोडला टॉवेलचे आठ माग चालवणाऱ्या ४२ वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे. नववीतल्या मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही. एका सेंटरने न्यूरोफीडबॅकची ४० सेशन्स सांगितलीत, १ लाख २० हजारांना. प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे कपाळामागचा मेंदू, ट्रेन होईल, जेईई सोपी जाईल म्हणे. विचारतात, एफडी मोडू की बायकोच्या पाटल्यांवर गोल्ड लोन काढू?

दोन्ही नको. डोक्याला सेन्सर लावायचे, मेंदूच्या हव्या त्या लहरी वाढल्या की पडद्यावरचा गेम पुढे सरकतो, असा तो प्रकार. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, असलेल्या १४४ मुलांवरची अमेरिकेतली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. खरं ट्रेनिंग घेतलेली आणि लुटुपुटुचं घेतलेली, दोन्ही मुलं जवळपास सारखीच सुधारली. शिवाय कपाळामागचा हा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो, फुकटात. आधी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत केस पेपर काढा. एडीएचडी निघाला तर त्यावर उपचार आहेत. नसेल तर रात्री दहानंतर पोराचा मोबाइल तुमच्या उशाखाली.

मला धडकी भरली ती तुमच्या शेवटच्या ओळीने. 'मुलाच्या नावाने शिक्षणाची पॉलिसी आहे, तिकडची काळजी नाही.' पॉलिसीच्या बाँडचा फोटो मोठा करून पाहिला. विमा उतरवलाय मुलाचा. प्रीमियम माफीचा रायडर, म्हणजे बाप गेल्यास पुढचे हप्ते माफ करणारी जोड, नाही. कमावते तुम्ही, मागांवर नऊ लाखांचं कर्ज तुमचं, आणि विमा चौदा वर्षांच्या पोराचा! उद्या तुमचं बरंवाईट झालं तर घरात छदाम येणार नाही, उलट वर्षाचे ६० हजार वहिनींनी भरायचे. मुदत संपते मुलाच्या तेविसाव्या वर्षी, इंजिनिअरिंग उरकल्यावर. पंधरा वर्षांत नऊ लाख भरून, बोनस धरून तेरा-साडेतेरा लाख. जेमतेम पाच टक्के.

घरखर्च महिना ३५ हजार, म्हणजे वर्षाला सव्वाचार लाख. त्यात कर्ज. एक कोटीच्या खाली टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, घेऊ नका. साठीपर्यंतचा, साधारण वीस-पंचवीस हजार वर्षाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. तंबाखूचा मावा खात असाल तर फॉर्मवर लिहा. प्रीमियम वाढेल, पण लपवलंत तर क्लेम अडेल. आयटीआर, म्हणजे प्राप्तिकराचं विवरणपत्र, मागतील. बरेच मागवाले तिथेच अडकतात.

टर्म प्लॅन हातात आला की मगच जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. सहा हप्ते गेलेत, सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी आत्ताच बंद केली तर हाती येणारा, आकडाही लेखी मागा. एजंट तुमचे साडू आहेत, म्हणून अर्ज त्यांच्या हाती देऊ नका. स्वतः शाखेत जा आणि पोच घेऊन या.