झेड४ ला पुढे रुंद टायर टाकायचेत, घासू नयेत म्हणून काय बघावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी बीएमडब्ल्यू झेड४, ई८९ मॉडेल, राहायला रत्नागिरीत. पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८, पुढची रिम ८ जे (८ इंच रुंद), ईटी २९ (रिमच्या मध्यापासून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्याला, टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे तो आकडा; तो कमी झाला की चाक बाहेर येतं). आंबा घाटात वळण घेताना गाडीचं तोंड बाहेर सरकतं, म्हणून पुढे २४५ टाकायचेत. टायरवाला म्हणतो आरामात बसतील, मित्र म्हणतो ५ मिमीचे स्पेसर (हब आणि रिम यांच्यात घालायची चकती) टाक, आणि तुम्हाला भीती घासण्याची. मी चिपळूणला अलाइनमेंटचं काम करतो, त्यामुळे घासलेले टायर वरचेवर समोर येतात.

माझं उत्तर आधीच देतो. आहे त्याच रिमवर २३५/४० टाका आणि विषय संपवा. २४५ च हवे असतील तर २४५/३५ घ्या, पण ८.५ जे रिमसकट. २४५/४० च्या नादाला लागू नका, टायरवाल्याकडे तेच माप पडून असलं तरीही. (बहुतेक वेळा ‘आरामात बसतील’ म्हणण्यामागे तेवढंच कारण असतं.)

सगळे रुंदीबद्दल बोलतात, उंची कुणी मोजत नाही. २२५ चे ४० टक्के म्हणजे ९० मिमी साइडवॉल (टायरची बाजूची भिंत). वरची आणि खालची मिळून १८०, त्यात १८ इंची रिमचे ४५७ मिळवा: व्यास ६३७ मिमी. हेच गणित २४५/४० ला लावलं तर ६५३ येतात. म्हणजे टायर चहूबाजूंनी ८ मिमी मोठा, आणि ते ८ मिमी थेट लायनरकडे (चाकाच्या कमानीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराकडे) आणि बंपरच्या मागच्या कडेकडे जातात. २४५/३५ चा व्यास ६२९, म्हणजे उलट लहान. घासण्याच्या दृष्टीनं चांगलं, पण नाक ४ मिमी खाली येतं आणि साइडवॉल ९० ची ८६ होते. हायवेला एखादा पाण्यानं भरलेला खड्डा चुकला की रिमची कड वाकायला तेवढं पुरतं. २३५/४० चा व्यास ६४५. चहूबाजूंनी ४ मिमी जास्त आणि साइडवॉल ९४. आपल्या रस्त्यांना हे मला सगळ्यात पटतं.

आता रुंदी. टायरवर छापलेला आकडा नाममात्र असतो. प्रत्येक मापाची खरी रुंदी एका ठराविक रिमवर धरलेली असते, आणि रिम अर्धा इंच कमी-जास्त झाली की टायर साधारण ५ मिमी आवळतो किंवा पसरतो. २२५/४० तुमच्या ८ जे वर २३० च्या आसपास भरतो. २३५/४० चं माप ८.५ जे वर धरतात, तिथं तो २४१. तुमच्या ८ जे वर २३६. म्हणजे कागदावर १० मिमीचा फरक प्रत्यक्षात ६, एका बाजूला जेमतेम ३. २४५/३५ तुमच्या रिमवर २४३ च्या आसपास जाईल, एका बाजूला ६-७ मिमी. बसतो, कंपन्यांच्या तक्त्यातही ८ जे चालते. पण आवळून बसल्यामुळे साइडवॉल फुगीर राहते आणि स्टेअरिंगला पहिल्या झटक्याला जो जोर हवा तो येत नाही. पैसे २४५ चे आणि धार २३५ ची. कंपनीगणिक चार-पाच मिमीचा फरक पडतो, शिवाय रिम वाचवणारी कड काही टायरांना असते, काहींना नसते. म्हणून हवा भरलेला टायर व्हर्निअर लावून मोजल्याशिवाय कुणाच्या तोंडी हिशोबावर जाऊ नका.

घासण्याच्या जागा तीन, पण तिन्ही सारख्या नाहीत. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर लायनरला पुसटसं लागलं तर आवाज येतो, चिडचिड होते, एवढंच. फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेला लागलं तर टायरचा खांदा कापला जातो. तिसरी जागा आतली, शॉकअपच्या नळीची आणि स्प्रिंगच्या वाटीची, आणि भीती हिचीच धरायची. एका गिऱ्हाइकाची गाडी अलाइनमेंटला आली होती, तक्रार फक्त ‘डावीकडे ओढते’. टायर बाहेरून नवाकोरा. चाक काढून उलटं केलं तर आतल्या साइडवॉलवर गोल फिरलेला बोटभर रुंद पट्टा, काचेसारखा गुळगुळीत, आणि एका ठिकाणी रबर संपून आतले दोरे दिसत होते. आवाज काहीच नव्हता, कारण सतत हलकं घासत होतं. असा टायर घाटात फुटला तर पुढचं बोलायला नको.

मित्राच्या स्पेसरचं इथंच बघू. ५ मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी २९ चा २४ होतो आणि चाक ५ मिमी बाहेर येतं. शॉकअपपासून सुटका, पण तेच ५ मिमी फेंडरकडे जातात, आणि स्टेअरिंग वळवताना चाक मोठ्या वर्तुळात फिरतं, म्हणून लायनरला लागायची शक्यता वाढते. २३५ साठी त्याची गरजच पडू नये. तरी टाकायचाच झाला तर हबच्या ७२.६ मिमीच्या गळ्यावर घट्ट बसणारा घ्या आणि बोल्टही तेवढ्याच ५ मिमीनं जास्त लांब घ्या. जुने बोल्ट ठेवून आत पातळ पत्र्याचे वॉशर घालणारे महाभाग आहेत. त्यांच्यापासून लांब राहा.

८.५ जे रिम घेणार असाल तर ईटी नीट बघा. ईटी २९ च राहिला तर रिम आत आणि बाहेर ६-६ मिमी वाढते. ईटी ३५ घेतला तर बाहेरची कड जवळपास जागेवर राहते, पण आतली १२ मिमी आत जाते. आत १२ मिमी द्यायला जागा आहे का, हे मोजल्याशिवाय रिमचे पैसे भरू नका. सगळं बसवून झाल्यावर शॉकअप आणि टायर यांच्यात मी निदान ५ मिमी मोकळे ठेवतो. आपल्याकडे जांभ्याची लाल माती पावसात तिथं चिकटते आणि वाळली की खरकागदाचं काम करते.

कॅम्बर (चाकाचा माथा आत कलवणं) वाढवून मागणारेही येतात. एक अंश कॅम्बरनं टायरचा माथा साधारण पाच-साडेपाच मिमी आत जातो, फेंडरच्या बाजूला तेवढा फायदा खरा. पण तुमच्या गाडीला पुढे स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप थेट चाकाच्या आधारालाच घट्ट जोडलेला. वरच्या माउंटिंगवर सरकवलं की शॉकअप आणि चाक दोन्ही एकत्र कलतात. म्हणजे त्यांच्यातली फट होती तेवढीच राहते. आत घासत असेल तर कॅम्बर काही कामाचा नाही.

मोजायचं कसं, तर त्याला मोठं मशीन लागत नाही. जवळच्या गणपतीच्या शाळेतून मूठभर शाडूची माती आणा. चाक काढून शॉकअपवर, लायनरच्या पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यात आणि फेंडरच्या कडेच्या आत अंगठ्याएवढे गोळे चिकटवा. त्याआधी जागा पुसून कोरडी करा, नाहीतर गोळे पहिल्याच गतिरोधकाला गळून पडतात. चाक लावा, शेजारी एक माणूस बसवा आणि सावकाश चालवा: पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, रिव्हर्सला पूर्ण वळवून, आणि स्टेअरिंग वळलेलं असतानाच एक चाक उंचवट्यावर चढवून. हा शेवटचा प्रकार टाळू नका, कारण घाटातल्या हेअरपिनला नेमकं हेच होतं, स्टेअरिंग पुरतं वळलेलं आणि बाहेरचं पुढचं चाक दबलेलं. परत येऊन चाक काढा. गोळा दबून जेवढा जाड उरला तेवढी तुमची फट. त्यावर टायरच्या अक्षरांचा ठसा उमटलेला दिसला तर कुठला भाग लागतोय तेही कळतं. हे आधी जुन्या टायरवर करा आणि आलेल्या आकड्यातून वरचे मिमी वजा करा (आहे त्याच रिमवर २३५/४० साठी ३, २४५/३५ साठी ६-७; लायनरच्या जागी २३५/४० चे उंचीचे ४). म्हणजे नवे टायर घ्यायच्या आधीच उत्तर मिळतं. बाहेरच्या बाजूला गवंड्याचा ओळंबा फेंडरवरून सोडला की टायर किती आत आहे ते दिसतं.

एक मात्र हात जोडून सांगतो, गाडी चिऱ्यावर (जांभ्याच्या दगडावर) टेकवून खाली जाऊ नका. आपल्याकडे चिरा हाताशी असतो म्हणून सर्रास करतात. जांभा एका जागी भार आला की न सांगता फुटतो. लोखंडी स्टँडच वापरा.

फेंडरची कड आत दुमडून घेण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. पुण्यात दिला तर ठीक. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्यानं मूळ रंगाला तडा जाऊ द्यायचा नाही. दुमडताना रंग केसभर फुटतो, खारं वारं आत शिरतं आणि गंज वर दिसेपर्यंत आतून पत्रा गेलेला असतो. त्यापेक्षा टायर एक माप कमी घ्या.

तोंड बाहेर सरकतं त्याचं कारण रुंदीच असेल असंही नाही. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांचं रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेलं असतं. कंपनीनं दिलेले टायर रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे), त्यांची साइडवॉल मुळात ताठ. साधे टायर घेतलेत तर पकड सुधारेल, पण गाडीत स्टेपनी नाही हे लक्षात ठेवा. पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर डिकीत हवाच. पुढे जास्त पकड आली की मागचा भाग तुलनेनं सुटा वाटतो, तेव्हा मागचे टायर झिजलेले ठेवून पुढे नवे रुंद घालू नका. पावसात तर अजिबात नाही. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि तो लवकर तरंगतो. कायद्याची मर्यादा १.६ मिमी नक्षीची आहे. मी ३ मिमी राहिली की मृगाच्या आधी बदलायला सांगतो.

भारांक (एक टायर किती भार पेलतो ते सांगणारा त्यावरचा आकडा) मूळ टायरच्या खाली जाऊ देऊ नका. ८८ म्हणजे ५६० किलो, ९२ म्हणजे ६३०. दाराच्या खांबावरचा स्टिकर बघून घ्या. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि क्लेमच्या वेळी विमावाले टायरचं माप बघू शकतात, म्हणून विमा कंपनीला आधीच लेखी विचारून ठेवलेलं बरं.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशनं काढून घ्या, बोल्ट टॉर्क पान्यानं १२० न्यूटन मीटरला आवळा, शंभरेक किलोमीटरनंतर परत बघा. टायर बदलल्यावर गाडीतली हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा रिसेट करायची असते. शाडूच्या गोळ्यांची मापं आली की इथंच टाका, ८.५ जे घ्यायचंच ठरलं तर कुठला ईटी चालेल ते त्यावरून सांगता येईल.