‘तुमचं बरंय, घरी बसून चाललंय’ म्हटलं आणि मैत्री तुटली

प्रश्न : ताई, आमची आठ जणांची टीम, त्यातले तिघं कायम घरून काम करतात आणि आम्ही पाच जण रोज ऑफिसला. ऑफिसात जे काही उपटतं ते आमच्याच गळ्यात पडतं. क्लायंट अचानक आला, बघा. नवीन मुलाला सिस्टिम शिकवायचीय, शिकवा. कुरियरवर सही करा, बंद पडलेल्या प्रिंटरसाठी माणूस बोलवा. माझं स्वतःचं काम सुरू होतं संध्याकाळी सहाला. परवा वैतागून मी कॉलवर म्हटलं, तुमचं बरंय बाई, घरी बसून चाललंय. तर त्यांच्यातली एक, माझी चांगली मैत्रीण, एकदम भडकली, म्हणाली प्रमोशन मात्र तुम्हा ऑफिसवाल्यांनाच मिळतं ना. तेव्हापासून कामापुरतंच बोलणं. माझं चुकलं का?

उत्तर : वाक्य चुकलंच गं. राग मात्र खरा आहे, तो गिळू नकोस, फक्त तो चुकीच्या माणसावर निघाला.

आधी तिची बाजू, कारण ती तुला ऑफिसातून दिसत नाही. चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरवर स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, त्याचा पेपर 2015 साली आला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम त्यांना आठवड्यातले चार दिवस घरून काम, विषमवाले ऑफिसात, असं नऊ महिने चाललं. घरून काम करणाऱ्यांचं काम 13 टक्के वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले, आणि तरीही तेवढ्याच कामाला प्रमोशन मिळायची शक्यता घरून काम करणाऱ्यांची कमी झाली. म्हणजे तुझी मैत्रीण उगाच बोलली नाही. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट ही, की प्रयोग संपल्यावर घरून काम केलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ऑफिस परत मागून घेतलं, मुख्य कारण एकटेपणा. ‘घरी बसून’ हे दोन शब्द तिला का झोंबले असतील बघ.

आता तुझं. नवीन मुलाला शेजारी बसवून शिकवणं हे काम आहे, नीट वेळ खाणारं काम. एका मोठ्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअर्सच्या अभ्यासात हेच दिसलं, जवळ बसणाऱ्या नवख्यांना जास्त फीडबॅक मिळाला पण शिकवणाऱ्या सीनियर्सचं स्वतःचं काम कमी झालं. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये याला रकाना नसतो, म्हणून दिवसभर राबूनही तुला वाटतं की आपण काहीच केलं नाही.

तर दोन आठवडे लिहून ठेव, कोणतं वरकड काम, किती वेळ. आणि ती यादी घेऊन मॅनेजरकडे जा, मैत्रिणीकडे नाही, कारण ही कामं तिनं तुझ्यावर टाकलेली नाहीत, ती कुणालाच वाटून दिलेली नाहीत म्हणून जो समोर दिसतो त्याच्यावर पडतात. सिस्टिम शिकवणं स्क्रीन शेअर करून घरूनही होतं, ते त्या तिघांकडे जाऊ दे. प्रिंटरवाल्याला फोनही कुठूनही करता येतो. क्लायंट आणि कुरियर ऑफिसातच राहणार, मग त्याची पाचही जणांत पाळी लावा आणि तो वेळ अप्रेझलमध्ये धरा असं स्पष्ट माग.

मैत्रिणीला मेसेज नको, फोन कर. ‘ते मी बोलायला नको होतं’ एवढं आधी, त्याला लगेच ‘पण’ जोडू नकोस, आणि मग तिला यादीबद्दल सांग म्हणजे मॅनेजरकडून तिला अचानक कळणार नाही. अजून एक करता येईल तुला. मीटिंग संपून लॅपटॉप बंद झाल्यावर तुम्ही पाच जण उभ्याउभ्या जे ठरवता ना, ते लगेच ग्रुपवर टाकत जा, तिचं काम असेल तर तिच्या नावासकट. पहिल्या फोनला ती तुटक बोलेल कदाचित, तरी आठवड्यानं परत कर. आणि मॅनेजरनं यादी बघून हात झटकले तर मला पुन्हा लिही.