गाडीवर असताना फोन आला तर

प्रिय मित्रा,

तुझा प्रश्न छोटा होता : मोटारसायकल चालवताना मॅनेजरचा फोन आला तर उचलायचा का? उचलायचा नाही. पण एवढंच लिहून पाठवलं तर तू मान डोलावशील, आणि कोरेगावच्या रस्त्यावर एएसएमचं, म्हणजे त्याच एरिया मॅनेजरचं, नाव स्क्रीनवर दिसलं की फोन हेल्मेटमध्ये सरकवशील. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमआरचा, म्हणजे औषध कंपनीच्या तुझ्यासारख्या प्रतिनिधीचा, निम्मा दिवस रस्त्यावर जातो. सकाळी साताऱ्यातला स्टॉकिस्ट, म्हणजे औषधांचा घाऊक विक्रेता, मग कोरेगाव, पुसेगाव, वडूज, जमलं तर दहिवडी आणि परत. डॉक्टर ओपीडी संपल्याशिवाय भेटत नाहीत, केमिस्ट गर्दी ओसरल्याशिवाय बोलत नाही. या सगळ्याच्या मधे तू गाडीवर असतोस, आणि नेमका तेव्हाच सगळ्यांना हवा असतोस. "किती कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, झाल्या?" "ऑर्डर बुक केलीस का?" टीमच्या ग्रुपवर सेकंडरीचे, म्हणजे स्टॉकिस्टकडून दुकानांत गेलेल्या मालाचे, आकडे मागितलेले असतात. आईचा फोन असतो, जेवलास का विचारायला. यातलं कुणीच तुझ्या वाईटावर नाही. पण तुझ्यापुढे बिनरिफ्लेक्टरची उसाची डबल ट्रॉली चालली आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही दिसत नाही.

या सवयीच्या मुळाशी भीड आहे असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे फोन न उचलणारा माणूस माजलेला ठरतो. नोकरीत नवा असलेल्या मुलाला तर धास्तीच असते की, साहेबांना वाटेल हा घरी झोपला आहे. म्हणून तो चालत्या गाडीवर फोन उचलतो आणि सांगतो काय, तर "सर, गाडीवर आहे, नंतर करतो." पलीकडून येतं, "हां हां, एकच मिनिट." मग त्या एका मिनिटात महिन्याचं टार्गेट, एक्सपायरीचा माल, उद्याचा टूर प्रोग्रॅम असं सगळं होतं.

तू म्हणशील, ब्लूटूथ घेतो, दोन्ही हात हँडलवर राहतील. इथेच बहुतेकांची गफलत होते, म्हणून हे नीट वाच. १९९७ साली टोरांटोत दोन संशोधकांनी, मोबाइल असलेल्या आणि अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला, आणि फोन हातात न धरता बोलणारे अधिक सुरक्षित असल्याचं काही दिसलं नाही. नंतर अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर यांनी चालकांना गाडीच्या सिम्युलेटरमध्ये बसवून प्रयोग केले. फोनवर बोलणाऱ्यांची नजर समोरच्या वस्तूवर पडलेली होती, तरी ती पाहिल्याचं पुष्कळदा त्यांना आठवेना. म्हणजे डोळे उघडे होते, पण मन त्या रस्त्यावर नव्हतं.

गाडीत शेजारी बसलेल्याशी आपण बोलतोच की, असंही लोक म्हणतात. त्यात फरक आहे, आणि तोही युटामध्येच तपासला गेला. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. वाहतूक दाटली की तो गप्प होतो, नाहीतर "सांभाळ, म्हैस आली" म्हणतो. फोनवरच्या साहेबांना म्हैस दिसत नाही. तू बोलता बोलता थांबलास तर ते "हॅलो, हॅलो" करत राहतात, आणि तू उत्तराची जुळवाजुळव करत असतोस. शिवाय फोन ठेवला की मन लगेच जाग्यावर येत नाही. २०१५ मध्ये एएए फाउंडेशन या अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षेच्या संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात, गाडीतल्या यंत्रणेला नुसत्या तोंडी सूचना दिल्यानंतरही काहींचं लक्ष पुरतं परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. सिग्नलला थांबून मेसेज वाचला तर काय बिघडलं, असं वाटतं ना? सिग्नल सुटल्यानंतर लक्ष पुरतं परत येईपर्यंत तू कुठवर पोचलेला असशील ते बघ. साठच्या वेगाने तीन सेकंदांत पन्नास मीटर अंतर कापलं जातं. संध्याकाळच्या अंधारात ट्रॉली दिसते ती त्याहूनही जवळ आल्यावर.

हे सगळं लोकांना माहीत नाही असं नाही. एएए फाउंडेशनच्याच पाहण्यांमध्ये, गाडी चालवताना फोन वापरणं धोक्याचं आहे हे बहुतेक जण मान्य करतात, आणि त्यांतलेच कितीतरी जण मागच्या महिन्याभरात आपण ते केल्याचंही सांगतात. आपले लोकही वेगळे नाहीत. पुढचा बोलत चालला की आपण हॉर्न वाजवून त्याच्या नावाने बोटं मोडतो. स्वतः मात्र शेकडो वेळा बोललो आणि काही झालं नाही, त्यामुळे आपल्याला जमतं अशी खात्री झालेली असते. वास्तविक त्या शेकडो वेळा कुणी आडवं आलं नाही, एवढंच झालं. अनुभवी माणसाची ही खात्री मला नवशिक्याच्या घाबरटपणापेक्षा फार जास्त भीतीदायक वाटते. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावरच्या अपघातांत गेली. त्यांतल्या किती जणांच्या गाडीवर त्या क्षणी फोन चालू होता, ते कुठल्या पंचनाम्यात नेमकं कळणार?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गाडी चालवताना हातातला फोन वापरणं हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. ऑक्टोबर २०२० पासून रस्ता पाहण्यापुरती सवलत आहे, तीही लक्ष विचलित होणार नसेल तरच. हँडलवर स्टँड लावला म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप वाचायची परवानगी मिळाली, असा तिचा अर्थ होत नाही.

आता तू करायचं काय? पहिल्याच जॉइंट वर्किंगला, म्हणजे मॅनेजर तुझ्याबरोबर फिरतीवर येतील तेव्हा, त्यांना तोंडावर सांग : "सर, गाडीवर असलो की मी फोन उचलत नाही. थांबलो की पहिला फोन तुम्हाला." आणि हे अक्षरशः पाळ. क्लिनिकखाली स्टँड लावलास की आधी मिस्ड कॉल बघ, लगेच फोन कर. साहेबांना तुझ्याकडून उत्तर हवं असतं, ते वीस मिनिटांनी मिळालं तरी चालतं, फक्त हमखास मिळायला हवं. एखादा साहेब तरीही चिडेल. चिडू दे, आकडे वेळेवर देत राहा. फोन शर्टाच्या खिशात ठेवू नकोस, थरथरला की हात तिकडेच जातो. आवाज बंद करून बॅगेत, डॉक्टरांना दाखवायच्या व्हिज्युअल एडच्या मागे टाक. डीसीआर, म्हणजे रोजच्या भेटींचा अहवाल, प्रत्येक डॉक्टरनंतर तिथेच उभा राहून भर. घरी कुणी आजारी असेल आणि फोनची काळजी लागून राहिली असेल, तर दर अर्ध्या तासाने पंपावर किंवा चहाच्या टपरीवर गाडी लाव, हेल्मेट काढ, फोन बघ, मग नीघ. वळणावर, साइडपट्टीवर एक पाय टेकून बोलू नकोस.

आणि तू स्वतः कुणाला फोन करशील तेव्हा आधी विचार, "गाडीवर आहेस का?" हो म्हणाला की "मग थांबलास की कर" म्हणून ताबडतोब ठेव, निरोप कितीही छोटा असला तरी. चार-पाच वर्षांत तुझ्या हाताखालीही मुलं येतील. दुपारी चार वाजता ती कुठे असतात, हे तुला तेव्हा चांगलंच माहीत असेल.

वडूजच्या डॉक्टरांचं काय झालं ते रात्री घरी पोचल्यावर कळव.

तुझा,
जुना सीनियर