कवटी उघडल्यावर मेंदू हलतो का?

प्रश्न : माझ्या मोठ्या भावाच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन ठरलंय. आदल्या दिवशी एमआरआय काढून तो नेव्हिगेशनच्या यंत्रात घालणार, मग हत्याराचं टोक नेमकं कुठे आहे ते पडद्यावर दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. पण कवटी उघडल्यावर मेंदूच जागचा हलला, तर कालचा नकाशा काय कामाचा?
— एक वाचक, सातारा

उत्तर : वर्मावर बोट ठेवलंत. हलतो. अमेरिकेत डार्टमथ विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 28 ऑपरेशनांत मोजून 1998 साली छापलं : मेंदूचा पृष्ठभाग सरासरी 1 सेंटिमीटर सरकलेला, नि मुख्यतः जमिनीच्या दिशेने. मेंदू ज्या पाण्यात तरंगतो ते वाहून जातं, सूज उतरवायला दिलेलं मॅनिटॉल आतलं पाणी ओढून घेतं, गाठ काढली की पोकळी मिटू लागते.

मी डॉक्टर नव्हे. पॉलिटेक्निकात सव्वीस वर्षं सॉइल मेकॅनिक्स, म्हणजे भाराखाली माती कशी वागते ते, शिकवलं, म्हणून मला यातली गंमत वेगळीच दिसते. खरवसाची वडी ताटलीत काढून तासाभराने बघा. किंचित बसलेली असते, कडेला पाणी सुटलेलं. ओल्या काळ्या मातीवर पाया घातला की हेच होतं. भाराने पाणी हळूहळू निघतं, माती दबते. त्याचं गणित बिओ नावाच्या शास्त्रज्ञांनी 1941 साली मांडलं, आणि डार्टमथच्या इंजिनिअरांनी तेच उचलून मेंदूला लावलं! एमआरआयवरून मेंदूचे हजारो छोटे चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचे) तुकडे पाडायचे नि कुठला तुकडा किती सरकेल ते कॉम्प्युटरकडून काढायचं. पाणी किती गेलं ते नेमकं मोजता येत नाही. म्हणून वरचा पृष्ठभाग किती खचला ते कॅमेऱ्याने किंवा सोनोग्राफीने बघतात, आतलं गणित त्यावर बेततात आणि जुना एमआरआय तेवढाच वाकवून पडद्यावर दाखवतात. गाठ कापायला लागलं की मात्र तुकड्यांची जाळीच फाटते. तिथे गाडी अजून अडखळते.

तुमच्या डॉक्टरांकडे हे मॉडेल बहुधा नसेल, त्याने बिचकू नका. मधेच सोनोग्राफी करून खात्री करणं ही जुनी, चालती रीत आहे. काही मोठ्या ठिकाणी ऑपरेशन थिएटरातच एमआरआय असतो. यातलं काय करणार, एवढं विचारा. आणि गाठ कवटीच्या तळाशी, हाडाला चिकटून असेल तर सरकण्याचा प्रश्न बराच कमी; तेही विचारून घ्या.

खरवसाचं भावाला ऑपरेशन झाल्यावरच सांगा.