भिंतीवरच्या चित्रांना ऑइलपेंट नको

प्रश्न: नागपूरच्या महाल भागात आमच्या जुन्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवरल्या चित्रांचे पापुद्रे निघून राहिले. कमिटी म्हणते ऑइलपेंट मारून वार्निश देऊ. चालेल का?

उत्तर: भाऊ, आधी पेंटरला थांबवा! चुन्याच्या भिंतीला श्वास लागतो, ऑइलपेंटनं ओल आतच कोंडते, पांढरे क्षार फुलतात अन् रंगासकट गिलावाच सुटतो. अजिंठ्यात १९२०-२२ च्या सुमारास इटालियन तज्ज्ञांनी लाखेचं वार्निश दिलं होतं, ते पिवळं पडलं अन् काढता काढता पुढच्यांच्या नाकी नऊ आले. पहिले गळकी पन्हाळ नीट करा, पायथ्याचं सिमेंट काढून चुना भरा. बोटाला रंग लागत असेल तर ओलं फडकं बिलकुल नाही, आधी फोटो काढा अन् चित्रसंवर्धकाला दाखवा. अन् उडालेला चेहरा नव्यानं रंगवायचा नाही, तसाच राहू द्या.