पहिल्या क्रूझच्या चुका बहुधा जमिनीवरच होतात

आपण विचारले आहे की, खानापूरहून आई-वडील, पत्नी आणि दोन मुलांसह दिवाळीच्या सुट्टीत मुंबई-लक्षद्वीप-गोवा आणि परत मुंबई अशी क्रूझ करण्याचा विचार आहे, आईंना चोर्ला घाटातही मळमळते, तर पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी कोणत्या चुका टाळाव्यात. आपल्या प्रश्नात खोली, जेवण आणि कपडे यांची काळजी अधिक दिसते. या बाबतीत काही चुकले तरी जहाजावर निभावून नेता येते. वेळ आणि कागदपत्रे चुकली तर मात्र जहाजावर पाऊलच ठेवता येत नाही, म्हणून आधी त्यांविषयी लिहितो.

देशांतर्गत फेरीला पासपोर्ट सहसा लागत नाही, शासकीय ओळखपत्र पुरते. परंतु लक्षद्वीपला उतरण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश परवाना घ्यावा लागतो. क्रूझ कंपनी तो बहुधा स्वतः काढून देते, मात्र त्यासाठी प्रत्येकाचे छायाचित्र आणि ओळखपत्र तिच्याकडे मुदतीत पोहोचले पाहिजे. आपल्या सीमाभागात खरी अडचण नावाची असते. कर्नाटकातील शाळेच्या दाखल्यावर नावाआधी आद्याक्षरे, आधारवर नाव-वडिलांचे नाव-आडनाव हा आपला क्रम, आणि पॅन कार्डावर तिसराच प्रकार, असे एकाच घरात सर्रास आढळते. बुकिंगच्या अर्जात नाव आणि आडनाव वेगळे मागतात, तेव्हा ते आठवणीने न भरता, बंदरावर जे ओळखपत्र दाखवणार तेच समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवावे. पुढे कधी दुबईहून सुटणारी क्रूझ घेण्याचा विचार असेल, तर आडनावाचा रकाना रिकामा असलेले पासपोर्ट आताच दुरुस्त करून घ्यावेत. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पर्यटक व्हिसावर येणाऱ्या एकेरी नावाच्या प्रवाशांबाबत कडक धोरण ठेवले आहे.

आता वेळेविषयी. जहाज म्हणजे हात दाखवला की थांबणारी वस्तीची गाडी नव्हे. सुटण्याच्या तासभर किंवा त्याहूनही आधी प्रवेश बंद होतो आणि नंतर आलेल्याचे पैसेही सहसा परत मिळत नाहीत. बेळगावहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. रात्रीची बस सकाळी पोहोचेल या हिशेबावर दुपारचे जहाज गाठू पाहणे म्हणजे पुणे, खंडाळा घाट आणि पनवेल या तिन्ही ठिकाणच्या वाहतुकीवर सगळी सहल पणाला लावणे होय. आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचून फोर्ट परिसरात मुक्काम करावा. त्या एका रात्रीचा खर्च वाचवू नये, असे माझे ठाम मत आहे.

वाटेतल्या बंदरातही हाच नियम लागू आहे. गोवा आपल्या ओळखीचा असल्यामुळे बेळगावकडची मंडळी मुरगावला उतरतात आणि म्हापशाच्या नातेवाइकांकडे किंवा मंगेशीला टॅक्सी करून निघतात. कंपनीने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते. स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. परतण्याची शेवटची वेळ छायाचित्र काढून मोबाईलमध्ये ठेवावी आणि तिच्या निदान दोन तास आधी बंदराजवळ असावे.

दिवाळीच्या मुहूर्ताबद्दल थोडे सावध करतो. पावसाळा संपला तरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे होतात; २०१९ मध्ये तर क्यार आणि महा ही दोन वादळे एकाच वेळी घोंघावत होती. अशा वेळी कप्तान मार्ग बदलतो, बेट वगळतो, आणि त्याला तसा अधिकार असल्याचे आपण तिकिटाच्या अटींत मान्य केलेले असते. लक्षद्वीपला मोठे जहाज प्रवाळांपासून दूर उभे राहते आणि प्रवाशांना लहान होडीत उतरवले जाते; लाटा असल्या तर ते उतरवणे रद्द होते, आणि गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना शांत समुद्रातही ते जड जाते. मुलांच्या शाळा आडव्या येत नसतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ मी अधिक पसंत करीन.

आईंसाठी खोली खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्यावी, कारण तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. 'खोली कंपनी ठरवील' या अटीवरचे स्वस्त तिकीट त्यांच्यासाठी घेऊ नये. टोकाची खोली वाट्याला आली तर बचत महागात पडते. घाटात त्रास होणाऱ्याला समुद्रात होतोच असे नाही, पण मळमळीची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्यापूर्वीच द्यावी. ओकारी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. अस्वस्थ वाटू लागले की माणूस खोलीत जाऊन आडवा होतो. त्याऐवजी डेकवर बसून दूर क्षितिजाकडे पाहत राहिल्यास लवकर बरे वाटते.

जेवण तिकिटात असते, परंतु पेये, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहली आणि सेवाशुल्क बहुधा वेगळे पडतात, तेव्हा दर तपासताना ही बेरीज करूनच दोन क्रूझची तुलना करावी. आपल्या जिल्ह्यात जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. तसे जेवण हवे असल्यास बुकिंगच्या वेळीच लेखी कळवावे. किनारा सुटला की मोबाईल फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर तो जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि बिल पाहून डोळे पांढरे होतात. इस्त्री आणि विजेची किटली तपासणीत काढून घेतात.

संकटकाळी कुठे जमायचे हे शिकवणाऱ्या सुरक्षिततेच्या कवायतीला कंटाळा म्हणून दांडी मारू नये. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे आंतरराष्ट्रीय नियमानेच बंधनकारक आहे. मुलांना आपले जमण्याचे ठिकाण प्रत्यक्ष चालत नेऊन दाखवावे.

मोठ्या बॅगा चढताना बंदरावरच घेतल्या जातात आणि खोलीत काही तासांनी येतात, म्हणून औषधे, ओळखपत्रे व मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत असावेत. शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. त्या उत्साहात सगळे कपडे भरून टाकणारे आणि सकाळी रात्रीच्याच पायजम्यात न्याहारीला येणारे गृहस्थ प्रत्येक फेरीत भेटतात. मुंबईत उतरायलाही रांगेमुळे बराच वेळ जातो, तेव्हा परतीसाठी सकाळचे विमान न घेता बेळगावच्या रात्रीच्या बसचे तिकीट काढावे.